सनद भिंतीवर, सराव रोजचा

आपल्या वस्त्यांतील पुष्कळ मुले-मुली आज संगणकाच्या शिक्षणाकडे वळली आहेत. पदवी हाती आली की घरात पुढचा सवाल उभा राहतो. आता कोणती सनद घ्यावी? तिच्यासाठी पैसे घालावेत काय? आणि ती घेतल्यावर काम मिळेल याची खात्री काय? हा सवाल फक्त नवशिक्यांचा आहे असे समजू नये. डेटाबेसच्या व्यवसायात वीस-वीस वर्षे घालविलेले जाणकार लोकही आपसात हीच चर्चा करीत असतात. वरच्या दर्जाची सनद घेण्यात अर्थ आहे काय, आणि रोज एक प्रश्न सोडवून जे गुण जमा होतात त्यांची किंमत किती, या दोन मुद्द्यांवर त्यांच्यात बरेच मतभेद आहेत.

हा विषय व्यापाऱ्यांच्याही कामाचा आहे. कापडाचा व्यापारी असो, लूमचा कारखानदार असो की चामड्याच्या वस्तू करणारा कारागीर असो, उधारीची वही आता संगणकात गेली आहे. पूर्वी मुनीमजीची पारख त्याच्या अक्षरावरून आणि वर्षअखेरच्या मेळावरून होत असे. आता ज्याच्या हाती आपला सारा हिशोब आहे, त्याची पारख कशावरून करावी? त्याने भिंतीवर लावलेल्या सनदेवरून, की आणखी कशावरून? या लेखात त्याचाच विचार करू.

रोजकीर्द आणि खतावणी

प्रथम डेटाबेस म्हणजे काय ते समजून घेऊ. हिशोब ठेवणाऱ्याला ते अवघड वाटू नये. डेटाबेस म्हणजे नियमाने मांडलेल्या तक्त्यांचा संग्रह होय. ग्राहकांचा एक तक्ता, मालाचा दुसरा, बिलांचा तिसरा. प्रत्येक ग्राहकाला एक क्रमांक असतो आणि बिलाच्या तक्त्यात फक्त तो क्रमांक लिहिला जातो. ग्राहकाचा पत्ता बदलला तर तो एकाच जागी बदलावा लागतो.

माहिती अशा तक्त्यांत मांडावी आणि तक्ते एकमेकांशी जोडावेत हा विचार एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडला. ते त्या वेळी अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी १९७४ साली अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा प्रसिद्ध केली. आज ती एसक्यूएल या नावाने ओळखली जाते. ऑरॅकल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस या साऱ्यांत थोड्याफार फरकाने हीच भाषा चालते.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या जुन्या पद्धतीत व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लिहीत आणि मग सवडीने खतावणीत उतरवीत. डेटाबेसही नेमके तसेच करतो. प्रत्येक बदल आधी लॉग नावाच्या नोंदीत लिहिला जातो आणि मग तक्त्यात पक्का होतो. लॉग म्हणजे त्याची रोजकीर्द आणि तक्ते म्हणजे खतावणी. वीज गेली, यंत्र बंद पडले, तरी पुन्हा सुरू होताना तो रोजकीर्द वाचून खतावणी दुरुस्त करतो.

दुसरा नियम जमा-नावेचा. भिवंडीच्या व्यापाऱ्याने मालेगावच्या व्यापाऱ्याला १०,००० रुपये पाठविले, तर एकाच्या खात्यातून ते वजा झाले पाहिजेत आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा झाले पाहिजेत. पहिली नोंद झाली आणि दुसरीच्या आधी यंत्र बंद पडले तर? अशा वेळी डेटाबेस पहिली नोंदही रद्द करतो. दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. हे सारे नीट चालते की नाही, त्याची नक्कल सुरक्षित आहे की नाही, कोणाला काय पाहण्याची मुभा आहे, हे बघणाऱ्याला डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. दुसऱ्याची अमानत सांभाळण्याचे हे काम आहे. म्हणून त्याच्या तालमीची चौकशी करणे रास्त ठरते.

सनदांच्या पायऱ्या

मोठ्या संगणक कंपन्या आपापल्या मालाची परीक्षा घेऊन सनद देतात. मायक्रोसॉफ्टने हा प्रघात १९९२ साली सुरू केला. खालच्या व मधल्या पायरीच्या परीक्षा बहुतांशी पर्यायी उत्तरांच्या असतात. परिस्थिती दिलेली असते, चार-पाच उत्तरे समोर असतात आणि योग्य ते निवडायचे असते. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेत १००० पैकी ७०० गुण मिळाले की उमेदवार उत्तीर्ण होतो. पुष्कळ लोक याला ७० टक्के समजतात, पण ते खरे नाही. प्रश्नांची काठिण्यपातळी पाहून हे गुण मोजपट्टीवर बसविलेले असतात. तेव्हा दहापैकी सात प्रश्न बरोबर आले म्हणजे झाले, असा हिशोब करू नये.

वरच्या पायरीची गोष्ट निराळी आहे. तेथे प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. ऑरॅकलची 'सर्टिफाइड मास्टर' ही परीक्षा १०जी आवृत्तीच्या काळात दोन दिवस चालत असे आणि उमेदवाराला यंत्रासमोर बसून डेटाबेस उभा करणे, बिघडलेला दुरुस्त करणे अशी कामे वेळेत पार पाडावी लागत.

मायक्रोसॉफ्टने २००८ साली 'सर्टिफाइड मास्टर' ही सनद सुरू केली. आरंभी तिच्यासाठी अमेरिकेत रेडमंड येथे जाऊन तीन आठवडे राहावे लागे आणि फी होती १८,५०० डॉलर. लेखी परीक्षा होत्या आणि शिवाय सहा तासांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. एवढी रक्कम व एवढा वेळ देणे थोड्यांनाच शक्य होते. २०१० च्या अखेरीस कंपनीने एसक्यूएल सर्व्हरपुरती ही अट सैल केली. तीन आठवड्यांचे वर्ग सक्तीचे राहिले नाहीत. एक लेखी परीक्षा ५०० डॉलरची आणि सहा तासांची प्रात्यक्षिक परीक्षा २,००० डॉलरची, एवढ्यावर सनद मिळू लागली. फी कमी झाली तरी परीक्षा पूर्वीइतकीच कठीण होती. चांगले मुरलेले लोकही पहिल्या खेपेस नापास होत.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ३० ऑगस्ट २०१३ रोजी, शुक्रवारच्या रात्री, कंपनीने पत्र पाठवून कळविले की मास्टर पातळीच्या परीक्षा बंद करण्यात येत आहेत. फार थोडे लोक या परीक्षेकडे वळतात, असे कारण सांगण्यात आले. ज्यांनी महिनोन्‌महिने तयारी केली होती ते हळहळले आणि त्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. पण ती परीक्षा गेली ती गेलीच. त्यानंतर मधल्या पायरीच्या एमसीएसए व एमसीएसई या प्रसिद्ध सनदाही ३१ जानेवारी २०२१ रोजी बंद झाल्या. त्यांच्या जागी कामाच्या प्रकारानुसार सनदा आल्या. डेटाबेस सांभाळणाऱ्यांसाठीची डीपी-३०० ही परीक्षा २०२० साली सुरू झाली.

आणखी एक बदल २०२१ च्या मध्यास झाला. या नव्या सनदांची मुदत एक वर्षाची करण्यात आली. मुदत संपण्याच्या आधी घरबसल्या एक छोटी चाचणी विनामूल्य द्यायची आणि सनद आणखी एक वर्ष चालू ठेवायची. सनद देणाऱ्या कंपनीनेच अशा रीतीने कबूल केले की एकदा मिळविलेले ज्ञान कायम टिकत नाही.

या इतिहासातून दोन गोष्टी दिसतात. सनद ही कंपनीच्या हातची वस्तू आहे आणि कंपनी ती केव्हाही मागे घेऊ शकते. मात्र २०१३ साली ज्या थोड्या लोकांकडे मास्टर सनद होती, त्यांचे हुनर काही त्या रात्री नाहीसे झाले नाही. सहा तासांत बिघडलेला डेटाबेस उभा करण्याची जी तयारी त्यांनी केली होती, ती त्यांच्या हातातच राहिली. सनदेचे नाव जाते, तिच्यासाठी केलेली खरी मेहनत राहते.

रोजचा प्रश्न

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळू. २००१ साली सुरू झालेल्या 'एसक्यूएल सर्व्हर सेंट्रल' या उपक्रमाचा रोजचा प्रश्न या व्यवसायात सर्वपरिचित आहे. प्रश्न वाचायचा, उत्तर निवडायचे, लगेच बरोबर की चूक ते कळते आणि खाली खुलासा असतो. प्रश्नाच्या काठिण्यानुसार गुण मिळतात आणि ते साठत जातात. काहींच्या नावावर हजारो गुण जमले आहेत.

असा प्रश्न कसा असतो हे कळण्यासाठी आपल्याच धंद्यातील एक नमुना तयार करून पाहू. एका घाऊक व्यापाऱ्याच्या तक्त्यात १० ग्राहक आहेत. चौघांच्या पुढे शहर 'मालेगाव' लिहिले आहे. तिघांच्या पुढे 'भिवंडी' आहे. उरलेल्या तिघांचे शहर कोणी भरलेलेच नाही, ती जागा कोरी आहे. व्यापाऱ्याने संगणकाला विचारले, 'ज्यांचे शहर मालेगाव नाही असे ग्राहक दाखव.' किती नावे येतील?

बहुतेक लोक म्हणतील सहा. दहातून चार गेले, सहा राहिले. उत्तर आहे तीन. फक्त भिवंडीची तीन नावे येतील.

असे का व्हावे? कोऱ्या जागेला एसक्यूएलच्या भाषेत नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. ज्याचे शहर माहीतच नाही तो मालेगावचा नाही असे डेटाबेस कसे म्हणणार? कदाचित तो मालेगावचाच असेल. म्हणून अशा ग्राहकाबद्दल 'होय' किंवा 'नाही' यांपैकी कोणतेही उत्तर न देता डेटाबेस 'सांगता येत नाही' असे म्हणतो. आणि यादीत तीच नावे येतात ज्यांच्याबद्दल उत्तर स्पष्ट 'होय' असते. ती तीन नावे हवी असतील तर 'किंवा ज्यांचे शहर भरलेले नाही' असे वेगळे विचारावे लागते.

वाचकांनी यातील नुकसान ओळखावे. याच प्रश्नावर वसुलीच्या पत्रांची यादी काढली असती तर तीन ग्राहकांना पत्रच गेले नसते. संगणकाने कोणतीही चूक दाखविली नसती. यादी आली, पत्रे गेली, सारे ठीक वाटले असते. उधारी मात्र तशीच राहिली असती.

अशा प्रश्नांवर जाणकारांत वादही होतात आणि त्या वादांतून शिकायला मिळते. मजकूर नसलेली रिकामी ओळ आणि नल यांचेच पाहा. ऑरॅकलमध्ये ही दोन्ही एकच मानली जातात. एसक्यूएल सर्व्हर व पोस्टग्रेस यांत ती वेगवेगळी आहेत. एकाच प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणी निराळे येऊ शकते. 'माझे उत्तर बरोबर होते, तरी गुण का कापले?' असे कोणी विचारतो आणि चर्चा सुरू होते. बाहेरच्यास ती एका गुणासाठी चाललेली हुज्जत वाटेल. पण त्या निमित्ताने कोणत्या आवृत्तीत काय घडते हे पुष्कळांना कळते.

स्वतःला विचारल्याचा फायदा

रोज थोडे विचारल्याने ज्ञान पक्के होते, हे केवळ अनुभवाचे बोल नाहीत. अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. एका पद्धतीत तोच उतारा पुन्हा वाचायला सांगितले. दुसऱ्या पद्धतीत उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवले आणि लिहून पाहणाऱ्यांना ७५ टक्के. एवढ्यावर पुन्हा वाचण्याची पद्धत चांगली असे कोणीही म्हणेल. पण एका आठवड्यानंतर पाहिले तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होते आणि लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के.

मदरशात धडा ऐकविण्याची आणि जुना धडा पुनःपुन्हा म्हणवून घेण्याची जी रीत आहे, तिच्यामागील मर्म यातून ध्यानात येते. पुस्तक उघडे ठेवून शंभर वेळा वाचण्यापेक्षा ते मिटून एकदा ऐकविणे अधिक उपयोगी पडते. रोजचा प्रश्न हेच काम करतो. परीक्षेच्या आधी महिनाभर रात्री जागून भरलेले पुढच्या महिन्यात ओसरते. रोज दहा मिनिटे विचारलेले मुरते.

गुणांचा मोह

मात्र गुण मोजले जाऊ लागले की माणसाचे लक्ष गुणांकडे जाते, ही जुनी गोष्ट आहे. कोणी उत्तर शोधून काढतो आणि मग निवडतो. कोणी प्रश्नातील ओळी जशाच्या तशा यंत्रावर चालवून उत्तर पाहतो. यंत्रावर चालवून पाहणे वाईट नाही, उलट ती चांगली सवय आहे. पण आधी आपले उत्तर ठरवून, त्याचे कारण मनाशी पक्के करून, मग चालवावे. विचार न करता चालविले तर गुण मिळतो, शिकणे होत नाही. हजार गुण म्हणजे हजार गोष्टी येतात असे नव्हे. तो माणूस दररोज हजर राहिला, एवढीच साक्ष त्यातून मिळते. तीही लहान गोष्ट नाही. पण तिची किंमत तेवढीच धरावी.

याहून वाईट प्रकार सनदांच्या बाजारात चालतो. परीक्षेतील प्रश्न चोरून त्यांचे गठ्ठे उत्तरांसह विकले जातात. त्यांना तेथे 'डंप' म्हणतात. मुले चांगल्या मनाने विचारतात, 'सगळेच घेतात, आम्ही घेतले तर काय बिघडले?' बिघडते ते असे. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार उमेदवार मान्य करतो. गैरप्रकार उघडकीस आला तर कंपनी सनद रद्द करू शकते आणि पुढील परीक्षांना बंदी घालू शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अशा सनदेवर नोकरी मिळालीच, तर पहिल्याच अडचणीच्या रात्री तिचे पितळ उघडे पडते. मापात खोट ठेवून गज विकणारा आणि पाठ केलेल्या उत्तरांवर सनद मिरविणारा, दोघे एकाच प्रकारचा व्यवहार करतात. गिऱ्हाईक ज्यावर विश्वास ठेवतो तेच त्यांनी खोटे केलेले असते.

खरी कसोटी

अडचणीची रात्र कशी असते, याचे एक जाहीर उदाहरण आहे. गिटलॅब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम साठविणारी कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या डेटाबेसवर ताण आला होता आणि दुय्यम यंत्रावरील नक्कल मागे पडली होती. ती नव्याने घेण्यासाठी दुय्यम यंत्रावरील जुनी माहिती पुसायची होती. काम करणाऱ्याने ती आज्ञा चुकून मुख्य यंत्रावर दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले व त्याने ती थांबविली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी फक्त ४.५ जीबी माहिती उरली होती.

आता नकलेचा आधार. कंपनीकडे बॅकअपचे अनेक मार्ग होते. पण एकेक उघडून पाहताच बिकट चित्र समोर आले. रोजचे जे बॅकअप दूर ठिकाणी जमा व्हायचे ते तेथे नव्हतेच. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, त्यामुळे तो दर वेळी अपयशी ठरत होता. अपयशाची सूचना देणारी ई-मेल निघत होती, पण तीही वाटेत नाकारली जात होती. कोणालाच काही कळत नव्हते. अखेर सुमारे सहा तास आधी त्याच कर्मचाऱ्याने दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेली एक नक्कल कामी आली. तीवरून सेवा पुन्हा उभी करण्यात आली. मधल्या सहा तासांचे काम गेले. कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती यांना त्याची झळ पोचली. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर वेगळा साठविलेला असल्याने तो वाचला.

या कंपनीने एक गोष्ट चांगली केली. सारा प्रकार तिने लपविला नाही. दुरुस्ती चालू असतानाच लोकांना सांगितले आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्यामुळेच आपल्याला त्यातून शिकता येते.

या घटनेत काम करणारे लोक अडाणी नव्हते. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत 'बॅकअप घ्यावे काय?' असे विचारले असते तर सर्वांनी बरोबर उत्तर दिले असते. न विचारलेला प्रश्न एकच होता. ते बॅकअप परत उभे करून पाहिले आहे काय? बॅकअप घेणे म्हणजे थान बांधून गोदामात ठेवणे. ते उघडून, पसरून, कसर तर लागली नाही ना हे पाहणे वेगळे. मास्टर परीक्षेतील सहा तास एवढ्यासाठीच होते आणि रोजच्या प्रश्नाची मर्यादाही येथेच आहे. सनद सांगते की त्या दिवशी येत होते. रोजचा प्रश्न सांगतो की विसरू दिलेले नाही. हातून होते की नाही, हे करून पाहिल्यावाचून कळत नाही.

काय करावे?

शिकणाऱ्यांनी रोज एक प्रश्न जरूर सोडवावा. उत्तर पाहण्याआधी आपले उत्तर व त्याचे कारण वहीत लिहावे. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही करावी आणि आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा सोडवावेत. पोस्टग्रेस विनामूल्य मिळतो. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्तीही २०१६ पासून शिकण्यासाठी व तयारीसाठी विनामूल्य दिली जाऊ लागली. साधा संगणक असला तरी सराव होतो. महिन्यातून एकदा आपलाच सरावाचा डेटाबेस मुद्दाम मोडावा आणि बॅकअपवरून घड्याळ लावून परत उभा करावा. ज्याने हे बारा वेळा केले, त्याला मुलाखतीत सांगण्यासारखे काही असते.

पालकांनी फी भरण्याआधी पाहावे की ती परीक्षा आजही चालू आहे काय आणि सनदेची मुदत किती. बंद झालेल्या परीक्षांच्या नावाने वर्ग चालविणारे भेटतात. परीक्षेत काय येते याची यादी कंपनी स्वतः प्रसिद्ध करते. ती मुलाला किंवा मुलीला वाचून दाखवायला सांगावी. पहिली सनद दार उघडण्यास उपयोगी पडते यात शंका नाही. मात्र हातात काम नसताना सनदांवर सनदा घेत जाणे म्हणजे न विणता सूतच गोळा करीत राहणे होय.

दुकानदार व कारखानदारांनी हिशोबाचा संगणक सांभाळणाऱ्याला पुढील चार गोष्टी विचाराव्यात. त्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही.

१. शेवटचा बॅकअप परत उभा करून केव्हा पाहिला? तारीख सांगा.
२. नक्कल कोठे ठेवली आहे? दुकानाला आग लागली तर ती वाचेल काय? तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या जागी, हा सर्वमान्य नियम आहे.
३. बॅकअप झाला नाही तर ते कोणाला कळते आणि कसे?
४. आज दुपारी यंत्र जळाले तर किती तासांचे काम जाईल आणि दुकान किती वेळ बंद राहील?

चौथ्या प्रश्नात आपलीही जबाबदारी आहे. एक दिवसाची बिले गेली तरी चालेल की एक तासाचीही चालणार नाहीत, हे मालकानेच ठरवून सांगायचे असते. जितके कमी नुकसान हवे तितका खर्च अधिक. जो या चार प्रश्नांना न अडखळता उत्तर देतो त्याच्याकडे सनद असेल तर उत्तमच. सनद आहे पण पहिल्याच प्रश्नावर गप्प बसला, तर आपला हिशोब धोक्यात आहे असे समजावे.

सरावासाठी तीन प्रश्न

वाचकांनी उत्तरे झाकून आधी स्वतः विचार करावा.

प्रश्न १. चार ग्राहकांच्या उधारीच्या रकान्यात १००, २००, ३०० आणि नल अशा नोंदी आहेत. सरासरी विचारली तर डेटाबेस काय सांगेल?

प्रश्न २. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्याआधी वीज गेली. दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात बांधलेल्या होत्या. वीज आल्यावर काय दिसेल?

प्रश्न ३. रविवारी रात्री पूर्ण बॅकअप घेतला. त्यानंतर दर तासाला लॉगचा, म्हणजे रोजकीर्दीचा, बॅकअप होतो. बुधवारी दुपारी ३ वाजता शेवटचा झाला. ३ वाजून २० मिनिटांनी डिस्क जळाली. किती काम जाईल? आणि मंगळवारचा एखादा लॉग बॅकअप हरवला असेल तर?

उत्तरे. १. सरासरी २०० येईल. नल मोजला जात नाही, म्हणून ६०० ला तिनाने भागले जाते. नलऐवजी शून्य लिहिले असते तर १५० आली असती. तेव्हा 'उधारी नाही' आणि 'उधारी माहीत नाही' यांत गफलत करू नये. २. दोन्ही खाती व्यवहाराच्या आधी होती तशीच दिसतील. अर्धा व्यवहार राहणार नाही. ३. जास्तीत जास्त २० मिनिटांचे काम जाईल. लॉग वेगळ्या डिस्कवर असून ती शाबूत असेल तर तेवढेही वाचू शकते. पण मंगळवारचा एक दुवा हरवला, तर त्या हरवलेल्या बॅकअपच्या आधीपर्यंतचेच काम परत मिळेल. त्यानंतरचे सारे लॉग हाताशी असूनही निरुपयोगी ठरतील. रोजकीर्दीचे मधले पान फाटले की पुढची पाने खतावणीत उतरविता येत नाहीत, तसेच हे आहे.

तीनही उत्तरे बरोबर आली असतील तर आनंद आहे. एखादे चुकले असेल तर ते वहीत लिहून ठेवावे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा स्वतःला विचारावे.